अकरा चाकू झाले, पण संग्रह काही होईना

मोसंबीवाला (पाचोरा)

राम राम मंडळी.

पाचोऱ्याजवळ माझी लहानशी नर्सरी आहे, मोसंबी आणि लिंबाची कलमं. चाकूंचा नाद लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघून लागला. तेव्हापासून महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाकतो आणि काही ना काही घेतो. परवा बायकोने सगळे ओट्यावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "यातला कोणता कशासाठी घेतला, सांगा." चौथ्या चाकूला माझी गाडी अडकली. आई शेजारीच मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणे, "इतला चाकू कसाले लागतस रे भो?"

माल असा आहे. ओपिनेलचा ८ नंबर, घडीचा, लाकडी मुठीचा, गंजणाऱ्या पोलादाचा. व्हिक्टोरिनॉक्सचे दोन, एक कात्री-करवतवाला लाल आणि एक किल्ल्यांना लावायचा बारका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेलो आणि खटक्याचा चाकू घेऊन आलो, तो एक. मित्राने नेपाळहून आणलेली छोटी खुकरी, तिच्या म्यानात आणखी दोन पिल्लं आहेत. ऑनलाइन घेतलेला 'दमास्कस', नक्षीदार पात्याचा, अठ्ठावीसशेचा. स्वयंपाकघरातल्या तीन भारी सुऱ्या, ज्यांना बायको हात लावत नाही. दुकान बंद करताना एका न्हाव्याने दिलेला जुना वस्तरा, पात्यावर सोलिंगेन या जर्मन गावाचं नाव लिहिलंय. आणि एक कट्यार, विकणारा जुनी म्हणाला होता. झाले अकरा.

कामाचे दोन वेगळे. कलमाचे डोळे भरायचा माझा, आणि वडिलांनी लोहाराकडून करून घेतलेला त्यांचा. ते यात धरले नाहीत. वडिलांचा तर नुसता पडून आहे, त्याने माझा काप आजवर कधी सपाट आला नाही.

दिशा कशी ठरवायची? एकच कंपनी धरू, एकच देश धरू, की जुनेच घेऊ? आणि ओपिनेल पावसाळ्यात उघडतच नाही, तर कंपनीकडे तक्रार चालेल का?

भरीत पार्टी (जळगाव)

आमच्या भरिताला चाकू लागत नाही. वांगं काट्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं. म्हणून माझा संग्रह शून्य आणि घरात शांतता आहे.

सातपुडा पायथा (शिरपूर)

दिशा वगैरे एवढ्यात ठरवू नका. दोन वर्षं मनाला येईल ते घ्या, हात घालून बघा. चुकल्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कळत नाही.

माझं सांगतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात. लोक ढोल ऐकायला जातात, मी लोहाराच्या पालाकडे जातो. ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून, ठोकून केलेले विळे-कोयते, शंभर-दोनशेला एक. प्रत्येक बाजारातून एकच घ्यायचा आणि घरी आल्यावर मुठीला कागद बांधून बाजाराचं नाव आणि तारीख टाकायची. सुरुवातीला मला सगळे सारखेच वाटायचे. आता पाठ किती जाड ठेवलीय आणि बाक कुठून सुरू होतो ते बघून कोणत्या पालावरचा आहे ते बहुतेक वेळा ओळखतो. कंपनीचा एकही नाही माझ्याकडे. फोटोत दिसायला काही खास नाहीत, हे कबूल.

जुना फिटर (भुसावळ)

मोसंबीवाले भाऊ, आधी सोपं ते उरकू.

ओपिनेलची तक्रार करू नका. मूठ बीचच्या लाकडाची आहे, ती पाणी पिते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला आटते तेव्हा पातं सैल पडतं, जुलैत फुगते तेव्हा नखं तुटतात. हा चाकू फ्रान्सच्या डोंगराळ सावॉय भागातला, १८९० चा. तिथले लोकसुद्धा अडकला की मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, पात्याचं टोक आपसूक वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचा. फक्त मानेवरची लोखंडी कडी आधी फिरवून मोकळी करा, नाहीतर ठोकत बसाल. (ती कडी १९५५ पासून आली, त्याआधीचे चाकू बिनकडीचे.) उन्हाळ्यात मूठ खडखडीत असताना जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. शेंगदाण्याचं देऊ नका, चिकट होतं आणि वास मारतं. पात्याला शिलाई मशीनचं तेल. ज्या पात्याने खायचं कापता त्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन.

आणि कुठलाही चाकू चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेलं आम्ल त्यात उरलेलं असतं, पावसाळ्यानंतर म्यानाच्या आकाराचा गंज मिळतो.

दमास्कसचं. मुठीजवळ जिथे दिसणार नाही तिथे सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. नक्षी जाईल, घाबरू नका. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किटची पट्टी खोदायला फेरिक क्लोराइड मिळतं, ते कापसाने तिथे लावा, पाच मिनिटं थांबा, धुवा. हातमोजे घाला, बायकोच्या ओट्यावर करू नका, डाग जात नाही. पोलादाचे थर खरे असतील तर नक्षी परत उठते, कारण दोन पोलादं त्यात वेगवेगळी काळवंडतात. वरून छापलेली असेल तर परत येत नाही. माझी आली नव्हती. विकणाऱ्याने त्यानंतर फोन उचलला नाही. तो चाकू मी अजून ठेवलाय, पुठ्ठे फाडायला बरा आहे. आणि थर खरे निघाले तरी एवढं ध्यानात असू द्या, की दिमिष्कच्या, म्हणजे दमास्कस शहराच्या, तलवारींचं जे जुनं पोलाद म्हणतात ते मुशीत वितळवून केलेलं, आपल्या दक्षिणेकडून जायचं. आजचं हे थरावर थर ठोकून केलेलं. माल वाईट नसतो, पण गोष्ट ती नव्हे.

वस्तऱ्याला पॉलिश पेपर लावू नका. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखीव आहे, पण बाहेर ते कुणीही कशावरही कोरलं. पात्याच्या शेपटीवर बनवणाऱ्याचा शिक्का असेल, तो आधी वाचा. घासलात तर तोच जाईल.

आता दिशेचं.

मी लोको शेडमध्ये फिटर होतो. लोखंड कापायच्या पॉवर हॅक्सॉचं तुटलेलं ब्लेड मिळालं की कुणीतरी त्याचा चाकू घासायचाच, माझा पहिला तसाच. मग नाद वाढला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडताना मोजले, चौऱ्याण्णव निघाले. नव्या घरात जागा नव्हती म्हणून एकेक हातात घेऊन स्वतःला विचारलं, याच्याबद्दल किंमत सोडून मला काय सांगता येतं? साठेक चाकूंना उत्तर नव्हतं. सुंदर होते, महाग होते, पण मी गप्प. ते विकले, थोडे वाटले. वाईट वाटलं का, तर दोन चाकूंचं वाटलं.

उरले त्यात एक गंमत दिसली. सगळे घडीचे होते, पाठीत पट्टीची स्प्रिंग असलेले, जे कुलूप न लागता नुसत्या दाबावर उघडे राहतात. मी ठरवून काही केलं नव्हतं. पण तीस वर्षं स्प्रिंगा आणि पिना बघितलेल्या, त्यामुळे हे चाकू माझ्याशी बोलतात. उघडताना टक् आवाज येतो की गचका, बंद करताना पातं अर्ध्यात थांबतं का, उजेडापुढे धरला तर पातं आणि स्प्रिंगच्या मधून फट दिसते का, उघडल्यावर डावी-उजवी डुलतं का. दुकानदाराला जे दिसत नाही ते मला दिसतं, म्हणून फसत नाही. पोलाद मला बेतास बात कळतं. लाकडातलं शून्य. त्यामुळे मुठीच्या शोभेसाठी मी एक रुपया जास्त देत नाही.

तर कंपनी, देश, जुनं-नवं, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. कंपनी धरणारेही मूर्ख नसतात. अमेरिकेत केस नावाची कंपनी आहे. १९७० साली तिने पात्यावरच्या शिक्क्याखाली दहा ठिपके टाकले आणि मग दरवर्षी एकेक कमी करत गेली. ठिपके मोजले की साल कळतं. नमुन्याचा नंबरही बोलका असतो. ६१०११ म्हणजे सहा हाडाची मूठ, एक म्हणजे एकच पातं, पुढे नमुना, आणि हा नमुना पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पात्याचा. वाचायला काहीतरी आहे म्हणून लोक जमवतात. तुम्हाला कशात वाचता येतं ते बघायचं.

आणि तुम्ही अकरा मोजलेत, मला तेरा दिसतात. वडिलांचा चाकू हातात घ्या. धार दोन्ही बाजूंनी काढलीय की एकाच? मग तुमचा कामाचा त्याच्या शेजारी तशाच तोंडाने ठेवा आणि उतार कोणत्या बाजूला आहे ते सांगा. शेवटचा प्रश्न, वडील डावखुरे होते का?

कोर्टकचेरी (जळगाव)

मध्ये बोलतो, कारण कट्यार हा शब्द वाचला.

शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. तलवार, खंजीर, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात, खुकरी त्यात नाव घेऊन आहे. घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं त्यातून वगळलंय. म्हणजे कोयता, विळा, कलमाचा चाकू यांची काळजी नको. खुकरीचं पातं पट्टीने मोजून घ्या. कट्यारीबद्दल स्थानिक वकिलाला किंवा ठाण्यात विचारलेलं बरं, "शोभेची आहे" या वाक्यावर विसंबू नका.

घरात ठेवणं वेगळं आणि खिशात घालून फिरणं वेगळं. सणासुदीला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, तेव्हा काठीसुद्धा चालत नाही. खटक्याचा चाकू यात्रेत घेतलात तो यात्रेत परत नेऊ नका. कट्यार खरोखरच शंभर वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते, देशाबाहेर पाठवता येत नाही. पण तेवढी जुनी असण्याची शक्यता तुमच्या वर्णनावरून कमी वाटते.

मोसंबीवाला

फिटर काका, आधी उत्तर, मग बाकीचं.

होते. वडील डावखुरे होते. जेवताना उजवा, कारण आजी हातावर मारायची. पण विळा, खुरपं, चाकू सगळं डाव्या हातात. घरात हे इतकं नेहमीचं होतं की कुणी बोलून दाखवत नसे. तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं की मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

दोन्ही चाकू शेजारी ठेवले. धार दोघांना एकाच बाजूने, आणि उतार एकमेकांच्या उलट. आरशात बघावं तसे. वीस वर्षं मी समजत होतो की लोहाराने चाकू बिघडवला. एकदा तर धार लावणाऱ्या सायकलवाल्याकडे सराणीवर 'सरळ' करायला दिला होता. वडिलांनी बघितलं आणि तसाच काढून घेतला, मला काही बोलले नाहीत. टोकाला अजून निळसर डाग आहे.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे खालचं रोप, पेन्सिलीएवढा झाला की जमिनीपासून वीतभर वर सालीला टी सारखा छेद द्यायचा. साल दोन्हीकडून उचलायची. मोसंबीच्या काडीवरचा डोळा ढालीसारखा, एका ओढीत काढायचा आणि त्या सालीत सरकवून पट्टीने बांधायचा. ती एक ओढ सपाट आली पाहिजे. पात्याला दोन्हीकडून उतार असला की पातं खाली-वर डुचमळतं, डोळ्यामागे पोकळी राहते, डोळा वाळतो. बरेच जण दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा वापरतात, मीही पाच-सहा वर्षं वापरला. ब्लेडने काप छान येतो पण साल उचलता येत नाही, टोक लवतं. माझ्या चाकूच्या बुडाला त्यासाठी पितळेची जीभ आहे. वडिलांच्या चाकूला नाही. त्यांनी पाठीचंच टोक बोथट आणि गोल करून घेतलेलं दिसतं. हेही मी आजच बघितलं!

एवढं लिहिताना जाणवलं की त्या अकरांबद्दल मला एवढं कधी लिहिता आलं नसतं.

जुना फिटर

निळा डाग म्हणजे तिथे पातं तीनशे अंशांच्या आसपास तापलं. तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, तिथे धार टिकणार नाही. बाकी पातं चांगलं असेल. पुसू नका तो डाग.

तुमचं काम तुम्हाला मिळालं असं मला वाटतं. एकच काम, डोळा आणि कलम. जगात या एका कामासाठी माणसांनी काय काय केलंय ते जमवा. व्हिक्टोरिनॉक्सचे डोळे भरायचे वेगळे चाकू निघतात, तुमच्या लाल चाकूचेच भाऊबंद. ओपिनेलचा छाटणीचा वाकड्या पात्याचा येतो. जर्मनीत रॉयटलिंगेनचा टीना आहे, बागायतीचे चाकू करतो, उतार एकाच बाजूला आणि डाव्या हातासाठी वेगळे. महाग आहे, काही महिन्यांचे पैसे जातील. केसचा तो ६१०११ बसतो का ते तुम्ही ठरवा, मला वाटतं काठावर आहे. आपल्याकडचे मात्र कुठल्या यादीत मिळणार नाहीत. नागपूरकडे संत्र्याची कलमं करणारे आहेत, कोकणात आंब्याची, त्यांच्या हातात काय असतं ते जाऊन बघा. पाच वर्षांत पंधरा चाकू झाले तरी पुष्कळ.

पैसे कुठून? सुऱ्या, खटका आणि दमास्कस, या पाचांना गिऱ्हाईक बघा. ओपिनेल ठेवा, तो तुमचा पहिला. खुकरीच्या म्यानातली पिल्लं एकदा नीट बघा. त्यातलं एक चाकूच नाही, बोथट आहे, धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला असतं. ते कळल्यावरही विकावीशी वाटली तर विका.

आणि एक वही घाला. कुणाकडून, कितीला, कुणाच्या हातातला, त्याने काय कापलं. चाकू गंजला तर घासता येतो. हे एकदा विसरलं की गेलं. माझ्याकडच्या सात चाकूंचं मला काही आठवत नाही, ज्यांनी दिले ते आता नाहीत.

सातपुडा पायथा

फिटर काका, तुमचा अभ्यास मानला. पण त्याला तुम्ही लगेच दावणीला बांधताय. आज वडिलांच्या चाकूने मन भरून आलंय, उद्या टीनाचे पाचवे पार्सल सोडवताना कंटाळा आला तर? खटक्याचा चाकू मुळीच विकू नका. सारंगखेड्याची आठवण आहे ती, त्याच्याबद्दल दोन वाक्यं नक्की बोलता येतील.

जुना फिटर

दावण सैल आहे, सोडून कधीही जावं. पण खटक्याबद्दल तुम्ही सांगताय ते यात्रेचं झालं, चाकूचं काय?

भरीत पार्टी

मला आता एक घ्यावासा वाटायला लागलाय. ही काही चांगली लक्षणं नाहीत.

मोसंबीवाला

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, काडीचा हंगाम आहे.

दमास्कसवर पेपर घासून बघितला. नक्षी गेली आणि परत आली नाही. अठ्ठावीसशे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तीन सुऱ्यांतली एक तिने आपण होऊन मागून घेतली, म्हणजे तिचा हिशेब मिटला, उरलेल्या दोन भावाला देतोय. कट्यारीसाठी वकिलांकडे जाऊन येईन. खटक्याचा निर्णय होत नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

वही घातली. पहिल्या पानावर वडिलांचा चाकू. आईला विचारलं तर लोहार कोण ते तिला आठवलं, पाराजवळ बसायचा म्हणे, आणि त्याने पैसे घेतले नव्हते, लिंबाची चार रोपं नेली होती. पातं कशाचं ते आईला माहीत नाही, पण "कानस मोडी व्हती घरमा, तिनं करं" असं ती म्हणते. पाठीवर भिंग धरलं तर एका कडेला कानशीच्या दात्यांच्या बारीक आडव्या रेघा खरंच दिसतात.

दुसरी गोष्ट मात्र वेगळीच झाली. आमच्याकडे डोळे भरायला एक मावशी येतात, बारा वर्षं झाली. त्या नेहमी कुरकुर करतात की नर्सरीचे चाकू धड नसतात, म्हणून स्वतःचं अर्धं ब्लेड पदरात बांधून आणतात. काल वहीत लिहिण्यासाठी वडिलांचा चाकू खळ्यावर घेऊन बसलो होतो. त्यांनी तो उचलला आणि डाव्या हातात घेतला. बारा वर्षांत मी हे बघितलं नव्हतं, काका. चाळीस डोळे भरले आणि जाताना कमरेला खोचून घेऊन गेल्या. म्हणाल्या, उद्या आणते.

आज आणला. कामाला लावला आणि संध्याकाळी परत घेऊन गेल्या.

आता हा संग्रहात धरायचा की कामात, ते सांगा. आणि त्याची धार थोडी बसलीय, उलट उताराची धार कुणाकडून काढून घेऊ?

जुना फिटर

माझ्याकडे आणा. सराणीवर नाही, दगडावर काढू. येताना मावशींना विचारून या, त्यांना किती बारीक धार लागते ते.